रक्त पातळ करणारी औषधे : तपासणी आणि उतारा

पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाच्या गोव्यातील इस्पितळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्यामुळे पेडणे, डिचोली, बार्देश या तालुक्यांतील व सीमेपलीकडील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जनतेला आयुर्वेदीय उपचारांची सोय घराजवळ उपलब्ध झाली आहे. सांधेदुखी, त्वचाविकार यांसारख्या जुनाट व्याधींवर उपचार घेण्यास येणारी व्यक्ती पुष्कळदा उतारवयाची असते, आणि तिला हृदयविकार, पक्षाघात अथवा पायाच्या शिरेत झालेली गुठळी यांपैकी एखाद्या कारणास्तव दुसऱ्या इस्पितळातून ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ चालू असण्याचा संभव असतो. अशा वेळी दोन उपचारपद्धतींची गाठ एकाच शरीरात पडते. म्हणून या गोळीची माहिती रुग्णाला, त्याच्या घरच्यांना व गावातील जाणत्या मंडळींना असणे अगत्याचे झाले आहे.

याचे एक उदाहरण जळवेचे घेता येईल. जळू लावून रक्त काढण्याच्या विधीस आयुर्वेदात जलौकावचरण म्हणतात व त्याचे सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. जळू सुटल्यावरही जखम कित्येक तास पाझरत राहते, हे शेतात वावरणाऱ्या कोणासही ठाऊक असते. त्यामागील कारण १८८४ साली जॉन हेक्राफ्ट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा एक पदार्थ असतो. त्यास पुढे हिरुडिन हे नाव पडले. हृदयाच्या धमनीतील अडथळा दूर करताना आज काही ठिकाणी वापरले जाणारे बायव्हॅलिरुडिन हे औषध याच पदार्थाच्या धर्तीवर तयार केलेले आहे. हिरुडिनवर उतारा नाही. त्याचा प्रभाव आपोआप ओसरेपर्यंत वाट पाहावी लागते. तेव्हा ज्याचे रक्त गोळीमुळे आधीच उशिरा गोठते त्यास जळू लावणे किंवा शिर उघडून रक्त काढणे धोक्याचे ठरते. रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या रुग्णास रक्तमोक्षण टाळावे, हे वैद्यही जाणतात. मात्र रुग्ण अशी गोळी घेत आहे, हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे.

‘रक्त पातळ करणे’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी तो काहीसा फसवा आहे. पेजेत पाणी घातल्याप्रमाणे या गोळीने रक्त पातळ होत नाही. रक्त होते तसेच राहते, केवळ त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. जखम झाली असता रक्त गोठणे हे निसर्गाने दिलेले संरक्षण होय. तथापि तीच क्रिया हृदयाच्या कप्प्यात अथवा शिरेच्या आत घडून आली तर तयार झालेली गुठळी मेंदूकडे वा फुप्फुसाकडे वाहत जाऊन प्राणावर बेतते. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसविली आहे, ज्यांच्या हृदयाचे ठोके कायमचे अनियमित पडतात, ज्यांच्या मांडीच्या किंवा पोटरीच्या खोल शिरेत गुठळी झालेली आहे, अशा रुग्णांना म्हणून ही औषधे दिली जातात. आपल्या देशात या रुग्णांमध्ये तरुण स्त्रियांची संख्याही लक्षणीय आहे. बालपणी घसा सुजून आलेल्या संधिवाती तापाने हृदयाची झडप आकुंचन पावते व ऐन पंचविशी-तिशीत शस्त्रक्रियेची पाळी येते. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेली भारतीय बनावटीची झडप १९९० साली प्रथम रुग्णास बसविण्यात आली व त्यामुळे ही शस्त्रक्रिया सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागली. पण झडप धातूची असली की गोळी जन्माची सोबतीण होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिली जाणारी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही औषधे रक्तातील बिंबाणूंना एकमेकांस चिकटू देत नाहीत. त्यांचा वर्ग निराळा असून पुढे वर्णिलेली तपासणी त्यांना लागू पडत नाही. या लेखाचा मुख्य विषय वॉरफॅरिन व अ‍ॅसिनोकुमॅरॉल या गोळ्यांचा आहे. यांपैकी दुसरी आपल्याकडे ‘अ‍ॅसिट्रॉम’ या नावाने बहुतेकांच्या परिचयाची आहे.

गवताच्या गंजीतून निघालेले औषध

या गोळीचा उगम गुरांच्या गोठ्यात झाला, हे वाचून शेतकरी वाचकांस नवल वाटेल. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात व कॅनडात गुरे अंतर्गत रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे छाटण्यासारख्या किरकोळ जखमेनेही जनावर दगावे. ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचे वैरणीचे गवत ओल लागून बुरसले की त्यात काही विषारी द्रव्य उत्पन्न होते, एवढे पशुवैद्यांनी ताडले होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एड कार्लसन नावाचा एक शेतकरी हिमवादळातून मृत कालवड, डबाभर न गोठलेले रक्त आणि बुरसलेल्या गवताचा भारा घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात येऊन ठेपला. लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षे खपून १९३९ साली त्या गवतातून दोषी द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातील वॉरफॅरिन १९४८ मध्ये प्रथम बाजारात आले ते उंदीर मारण्याचे विष म्हणून!

उंदराचे विष माणसाला औषध म्हणून देण्यास डॉक्टर साहजिकच कचरत होते. १९५१ साली अमेरिकी सैन्यातील एका तरुणाने हे विष मोठ्या प्रमाणात सेवन केले. परंतु इस्पितळात ‘के’ जीवनसत्त्व दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. या प्रसंगाने या विषाला खात्रीचा उतारा आहे ही गोष्ट सिद्ध झाली, आणि १९५४ मध्ये वॉरफॅरिनला माणसाचे औषध म्हणून मान्यता मिळाली. थोडक्यात, उतारा होता म्हणून औषध आले. ‘के’ जीवनसत्त्वाचा शोध डेन्मार्कमधील हेन्रिक डाम यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतून लावला होता व त्याबद्दल त्यांना १९४३ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला होता.

हे औषध आपले कार्य कसे करते, हे समजले की पुढील साऱ्या सूचनांचा अर्थ उलगडतो. रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकी चार, म्हणजे २, ७, ९ व १० या क्रमांकांचे घटक, यकृतात तयार होतात व त्यांसाठी ‘के’ जीवनसत्त्वाची गरज असते. गोळी त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखून धरते. मात्र आधी तयार होऊन रक्तात असलेले घटक संपावयास वेळ लागतो. सातव्या घटकास काही तास, तर दुसऱ्यास दोन-तीन दिवस. म्हणून आज घेतलेल्या गोळीचा परिणाम आज दिसत नाही, आणि आज चुकलेल्या गोळीचाही नाही. “परवा गोळी राहिली, काही झाले नाही” असे म्हणून निर्धास्त होणारे रुग्ण याच जागी फसतात.

आय.एन.आर. म्हणजे काय?

गोळी कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. या दोन काठांमधून वाट काढण्याचे साधन म्हणजे रक्ताची तपासणी. रक्तद्रवात एक विशिष्ट द्रव्य मिसळून तो किती सेकंदांत गोठतो हे मोजण्याची पद्धत आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये बसविली. परंतु प्रत्येक प्रयोगशाळेचे द्रव्य निराळे असल्याने एकाच रुग्णाचा आकडा एका गावी एक व दुसऱ्या गावी दुसरा येई. ही अडचण दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये एक समान प्रमाण ठरवून दिले, तेच आय.एन.आर. होय. आता बांबोळीचा आकडा व सावंतवाडीचा आकडा एकमेकांशी ताडून पाहता येतो.

गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आय.एन.आर. सुमारे १ असतो. अनियमित ठोके किंवा शिरेतील गुठळी यांसाठी गोळी घेणाऱ्याचा तो सामान्यतः २ ते ३ यांच्या दरम्यान असावा लागतो. डाव्या बाजूच्या मिट्रल स्थानी धातूची झडप असल्यास बहुधा २.५ ते ३.५. आपला आकडा किती असावयास हवा, हे प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आरंभी दर काही दिवसांनी, नंतर आठवड्याने व आकडा स्थिरावल्यावर साधारणतः महिन्याने ही तपासणी करतात. सूज, ताप, जुलाब, नवे औषध किंवा आहारातील मोठा बदल झाल्यास ती ठरल्या तारखेपूर्वीच करून घ्यावी. तपासणीसाठीचे रक्त फिकट निळ्या बुचाच्या नळीत, तिच्यावरील खुणेपर्यंत घ्यावे लागते. नळी अर्धवट भरली तर आतील द्रवाचे प्रमाण बिघडून आकडा चुकतो. गोळी शक्यतो संध्याकाळी घेण्याची प्रथा आहे, ती एवढ्याचसाठी की सकाळी रक्त दिले व दुपारी निकाल आला तर त्याच रात्रीच्या गोळीत बदल करता यावा.

आहाराबाबत लोकांत पुष्कळ गैरसमज आहेत. हिरव्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते, म्हणून काही रुग्ण भाजीच वर्ज्य करतात. हे योग्य नव्हे. भाजी खावी, पण तिचे प्रमाण वर्षभर साधारण सारखे ठेवावे. आपल्याकडे अडचण येते ती पावसाळ्यात. रानात टाकळा, कुर्डू, अळू यांची रेलचेल होते. त्यात श्रावणात अनेक घरांतून मासळी बंद होऊन ताटात तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला यांची भर पडते. अशाने आय.एन.आर. खाली उतरू शकतो. आणि श्रावण सरून मासळी पुन्हा सुरू झाली व भाजी आटली की तो वर चढू शकतो. तेव्हा या दोन्ही वेळांना एक-एक तपासणी करून घेणे शहाणपणाचे. मासळीत हे जीवनसत्त्व फारसे नसल्याने गोमंतकीयांच्या नित्याच्या कढीला या गोळीचे काही वावडे नाही! मद्याचे मात्र तसे नाही. उर्राकाच्या हंगामात एके दिवशी भरपूर घेणे व मग आठवडाभर न घेणे, हा प्रकार आकड्यास फार अस्थिर करतो.

औषधांपैकी मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्झाझोल ही जंतुनाशके व फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक आय.एन.आर. झपाट्याने वाढवितात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तसेच फेफऱ्यावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन सामान्यतः तो घटवितात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. त्या औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणून घेऊ नयेत. स्वयंपाकातील हळद-लसणीने काही बिघडत नाही, परंतु हळद, लसूण, आले, गुग्गुळ यांचे अर्क वा गोळ्या नियमित घ्यावयाच्या असतील तर वैद्य व डॉक्टर या दोघांनाही त्याची कल्पना द्यावी आणि आठवड्याभरात आय.एन.आर. तपासावा. दंडात वा कमरेत सुई टोचून घेण्याची सवय आपल्या ग्रामीण भागात अद्याप आहे. या रुग्णांत त्या सुईने स्नायूच्या आत रक्त साचून मोठी गाठ होते. जोरकस मर्दनानेही असे घडू शकते. गरोदर राहण्याची इच्छा असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांना भेटावे, कारण या गोळीमुळे पहिल्या महिन्यांत गर्भास अपाय होऊ शकतो. पर्यायी हेपॅरिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचत नाही.

उतारा केव्हा व कोणता?

आकडा वाढला की लगेच उतारा द्यावा, असे नाही. रक्तस्राव नसेल व आय.एन.आर. ५-६ पर्यंत गेला असेल तर बहुधा एक-दोन गोळ्या वगळून पुन्हा तपासणी करणे पुरते. १० च्या वर गेल्यास ‘के’ जीवनसत्त्व तोंडाने देतात. हा निर्णय डॉक्टरांचा आहे. रुग्णाने परस्पर गोळी बंद करणे किंवा औषधाच्या दुकानातून ‘के’ आणून घेणे सर्वथा चूक होय. त्याचे कारण असे की ‘के’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात दिले की त्यानंतर कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही, आणि ज्याच्या हृदयात धातूची झडप आहे त्याच्या झडपेवर त्या दिवसांत गुठळी बसू शकते. उताराही मापूनच घ्यावा लागतो.

मेंदूत, पोटात किंवा अन्यत्र गंभीर रक्तस्राव होत असल्यास मात्र वेळ दवडता येत नाही. ‘के’ जीवनसत्त्व ५ ते १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश दिले जाते. घाईने दिल्यास तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका असतो. तरीही त्याचा गुण दिसावयास सहा ते आठ तास लागतात, कारण यकृताला नवे घटक तयार करावे लागतात. तोवरच्या काळासाठी ते घटक आयतेच द्यावे लागतात. चार घटकांचे संहत मिश्रण काही मिनिटांतच आय.एन.आर. खाली आणते, ते उपलब्ध नसल्यास रक्तपेढीतील गोठविलेला रक्तद्रव देतात. परंतु तो वितळवावा लागतो, रक्तगट जुळवावा लागतो, आणि त्याचे प्रमाण मोठे असल्याने दुबळ्या हृदयावर भार पडतो. म्हणून अशा रुग्णास जवळच्या दवाखान्यात घोटाळत न ठेवता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रक्तपेढी असलेल्या मोठ्या इस्पितळात नेणे हिताचे.

इस्पितळात इंजेक्शनाने दिल्या जाणाऱ्या हेपॅरिनचा उतारा निराळा आहे. त्याचे नाव प्रोटामिन व तो मुळात सामन माशाच्या नराच्या वीर्यापासून मिळविण्यात आला. ज्यांना मासळीचे वावडे आहे त्यांनी ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

गेल्या दीड दशकात डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्झाबान, अ‍ॅपिक्झाबान या नव्या गोळ्या प्रचारात आल्या आहेत. त्यांना आय.एन.आर. लागत नाही व आहाराचे बंधन नाही. दर महिन्याला रक्त देण्यासाठी बसने शहर गाठणाऱ्या रुग्णास हा मोठाच दिलासा आहे. परंतु ‘तपासणी नाही’ याचा अर्थ ‘देखरेख नाही’ असा लावू नये. ही औषधे कमी-अधिक प्रमाणात मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाचे कार्य वेळोवेळी तपासावे लागते. त्यांचा अंमल थोडक्या तासांत ओसरतो, म्हणून एक मात्रा चुकली तरी संरक्षण उरत नाही. धातूची झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत. संधिवाती तापाने झडप बिघडून ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची भारतासह अनेक देशांत पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले व तीत रिव्हरॉक्झाबानपेक्षा जुन्या गोळीवरील रुग्णांत मृत्यू कमी आढळले. नवे ते सर्वांस चांगले, हा समज येथे लागू होत नाही. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हा नेमका उतारा २०१५ मध्ये मान्यता पावला, तथापि तो महाग असून सर्वत्र मिळत नाही. त्यामुळे या गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो : शेवटची गोळी किती वाजता घेतली?

या प्रश्नाचे उत्तर शुद्ध हरपलेला रुग्ण देऊ शकत नाही. पत्रादेवीहून धारगळमार्गे म्हापशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच तालुक्यातून जातो. दुचाकीवरून पडलेल्या अशा रुग्णाच्या डोक्यावर खरचटल्याचीही खूण नसेल, तरी आतमध्ये रक्त साचत असू शकते आणि ते काही तासांनंतर कळून येते. म्हणून खिशात किंवा पाकिटात एक चिठ्ठी असावी व तिच्यावर ठळक अक्षरांत गोळीचे नाव, ती कशासाठी चालू आहे, किती मिलिग्रॅमची व दिवसाच्या कोणत्या वेळी घेतली जाते, झडप बसविली असल्यास कोठली, शेवटचा आय.एन.आर. किती व कधीचा, आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक, एवढा मजकूर लिहिलेला असावा. घरी एक नोंदवही ठेवून त्यात तारीख, आय.एन.आर. व मात्रा लिहावी. ‘एक दिवस २, दुसऱ्या दिवशी ३’ अशी मात्रा असलेल्या वृद्धांची हमखास गफलत होते. भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्या त्या तारखेखाली आकडा लिहून देण्याचे काम घरातील शाळकरी मूलही करू शकेल, व शिक्षकांनी ते मुलांस शिकवावे.

दात काढावयाचा झाला तरी गोळी आपण होऊन थांबवू नये. आदल्या एक-दोन दिवसांत आय.एन.आर. पाहून, तो मर्यादेत असल्यास, हिरडी शिवून व बोळा दाबून दंतवैद्य बहुधा गोळी चालू असतानाच दात काढू शकतात. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी वॉरफॅरिन साधारणतः पाच दिवस आधी थांबवितात; त्या काळात हेपॅरिन लागेल की नाही, हे ज्याच्या त्याच्या आजारावर अवलंबून असते. काळी शौचास, लघवीत रक्त, हिरड्यांतून वाहणारे रक्त, दहा मिनिटे दाबूनही न थांबणारा घोळणा, मासिक पाळीत अतिरिक्त स्राव, अकस्मात तीव्र डोकेदुखी, बोलण्यात वा हातापायांत लुळेपणा, यांपैकी काहीही दिसल्यास तारखेची वाट पाहू नये.

जाता जाता शेतकरी बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. भाताच्या कोठारात व माडांच्या बागेत उंदरांसाठी ठेवल्या जाणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या याच औषधाच्या कुळातील आहेत, मात्र त्यांचा अंमल वॉरफॅरिनपेक्षा कितीतरी पटींनी दीर्घ असतो. मुलाने वा कुत्र्याने त्या खाल्ल्या तर पहिले एक-दोन दिवस काहीच लक्षण दिसत नाही, रक्त त्यानंतर वाहू लागते. आणि ‘के’ जीवनसत्त्व एकदा देऊन भागत नाही, ते कित्येक आठवडे चालू ठेवून वरचेवर आय.एन.आर. पाहावा लागतो. मूल हसत-खेळत असले तरी त्यास त्याच दिवशी इस्पितळात न्यावे आणि विषाचे पाकीट बरोबर घ्यावे, कारण उंदरांवरील दुसऱ्या काही विषांवर, उदाहरणार्थ झिंक फॉस्फाइडवर, ‘के’ जीवनसत्त्व हा उतारा नाही व कोणता उपचार करावयाचा, हे पाकिटावरील नावावरूनच ठरते.